‘बायसिकल थीव्ज’मधली सायकल कुठल्या मेकची? आणि आमच्या माळ्यावरची?

खानापूरचा_वाटसरू:

मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा, कारण सायकल एक नाही, दोन आहेत.

गेल्या शनिवारी बेळगावात टिळकवाडीत एका मित्राच्या घरी भिंतीवर प्रोजेक्टर लावून आम्ही पाचसहा जणांनी ‘बायसिकल थीव्ज’ बघितला. व्हित्तोरिओ द सिकाचा, 1948 चा, इटलीचा, ब्लॅक अँड व्हाइट. मी पहिल्यांदाच बघत होतो. माझ्या काकांना मुद्दाम खानापूरहून घेऊन आलो होतो, वय 74, सबटायटल इंग्रजी, भराभर जातात, त्यांना वाचायला जमत नाही म्हणून मी शेजारी बसून हळू आवाजात सांगत होतो काय चाललंय ते. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, युद्धानंतरचं रोम, बेकार माणूस, भिंतीवर पोस्टर चिकटवायची नोकरी मिळते पण अट एकच, स्वतःची सायकल पाहिजे. ती गहाण पडलेली. बायको घरातल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवून आणते आणि कामाच्या पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. मग बाप आणि लहान पोरगा दोघं गावभर सायकल शोधत फिरतात, एवढीच गोष्ट.

त्यात एक सीन आहे. सायकल सोडवून आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोरगा, ब्रूनो, फडकं घेऊन सायकल पुसत असतो आणि त्याला पेडलला पोचा आलेला दिसतो. बापाला म्हणतो बघितलंस काय करून ठेवलंय त्यांनी. बाप म्हणतो आधीचा असेल. पोरगा म्हणतो नाही, आधी नव्हता. हे मी काकांना सांगेपर्यंत काका खुर्चीत पुढं सरकून बसले होते आणि म्हणाले, ही आपल्या अण्णांची सायकल आहे रे, हीच, फिलिप्स. आणि मग पिक्चर संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. खानापूर तालुक्यात प्राथमिक शाळेत शिक्षक होते, बदली कुठल्या ना कुठल्या जंगलातल्या गावाला, आणि पगाराच्या कामाला नाहीतर पुस्तकं आणायला बेळगावला सायकलवर येऊन-जाऊन करायचे, एका बाजूनंच 26 किलोमीटर. सायकल त्यांनी बेळगावच्या कॅम्पात एका साहेबाकडून सेकंडहँड घेतलेली एवढंच घरात माहिती आहे. ते गेल्यापासून ती माळ्यावर आडव्या वाशाला टांगलेली आहे.

तर माझे प्रश्न असे. एक, पिक्चरमधली सायकल खरंच फिलिप्स आहे का? तक्रार द्यायला जातो तेव्हा तो मेक सांगतो, मला ते ‘फिडेस’ असं काहीतरी ऐकू आलं, काका म्हणतात फिलिप्सचाच इटालियन उच्चार असणार. दोन, आमची कुठली आहे? परवा खाली उतरवली. रंग हिरवा, पण तो मूळचा नाही, मी शाळेत असताना घरच्यांनी एका दुकानात रंगवायला दिली होती, त्यानं हँडलखालचा पितळी बिल्ला काढून ठेवला तो परत दिलाच नाही, आता तिथं नुसती दोन भोकं आहेत. पेडलच्या मधल्या भागावर फिलिप्स असं इंग्रजीत उठावदार लिहिलेलं आहे, ते मी स्वतः वाचलं. चेनकव्हर पूर्ण बंद पेटीसारखं आहे, आतलं काही दिसत नाही. ब्रेकला वायर नाही, सळ्या आहेत. उजव्या बाजूला हँडलवर एक बारका लोखंडी खटका आहे, तो कशाचा कुणालाच माहिती नाही, आम्ही लहानपणी त्याला बंदुकीचा घोडा म्हणायचो. आणि पुढचा चिमटा विचित्र आहे, चाकाच्या दोन्ही बाजूला एकेक जाड नळी असते ना, तशी नाही, दोन्हीकडं दोन-दोन बारीक नळ्या आहेत. गावातला सायकलवाला म्हणाला चिमटा कधीतरी मोडला असणार आणि कुणीतरी वेल्डिंग करून जादा नळी जोडली असणार.

काकांना खरं काय ते सांगायचं आहे. पण चुकीचं सांगायचं नाही.

निपाणीची_पूर्वा:

दादा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देते, दुसऱ्याला इथं माझ्यापेक्षा जाणकार माणसं आहेत.

तुम्ही बरोबर ऐकलंत, फिडेसच. फिलिप्सचा उच्चार नाही, वेगळं नाव आहे. फिडेस हा लॅटिन शब्द, अर्थ विश्वास, श्रद्धा, दिलेल्या शब्दाला जागणं, ह्या सगळ्यासाठी एकच शब्द. द सिका आणि पटकथा लिहिणारा चेझारे झावात्तीनी ह्या दोघांनी सायकलवर हे नाव येऊ दिलं ह्यावर पिक्चरबद्दल लिहिणारे लोक आजही बोलतात, कारण अख्खा पिक्चर त्याच गोष्टीचा आहे ना, माणसाचा माणसावरचा विश्वास हरवतो आणि तो शोधत फिरतो. मला स्वतःला मात्र नावापेक्षा बाजारातला सीन जास्त लागतो. आठवा, पिआत्सा व्हित्तोरिओच्या बाजारात मित्र त्याला मदत करायला येतात आणि कामं वाटून घेतात, तू टायर बघ, तू फ्रेम बघ, पोरा तू घंटी आणि पंप बघ. कारण चोरलेली सायकल अख्खी विकायला येतच नाही, सुटी होऊन येते. मग एका माणसाकडं एक फ्रेम रंगवायचं काम चालू असतं, अंतोनिओला, म्हणजे बापाला, संशय येतो, पोलिसाला बोलावून फ्रेमवरचा नंबर वाचायला लावतात आणि नंबर जुळत नाही. तिथं मेक कुणी विचारत नाही बघा, नंबर विचारतात.

अजून एक, इटालियन नाव ‘लाद्री दी बिचिक्लेत्ते’, म्हणजे सायकलचोर, अनेकवचन. अमेरिकेत लावताना त्यांनी ते एकवचनी करून टाकलं, ‘द बायसिकल थीफ’. ज्यांनी शेवट बघितलाय त्यांना कळेल की अनेकवचनच का पाहिजे, ज्यांनी नाही बघितला त्यांना मी सांगणार नाही.

आणि हा पिक्चर आपल्यापासून तेवढा लांबचा नाही. 1952 ला मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला त्यात हा दाखवला होता, तो बघून बिमल रॉयनी ‘दो बिघा जमीन’ केला, 1953. त्यात सायकलच्या जागी हातरिक्षा आहे. सत्यजित राय ह्यांनी त्याच्याही आधी, 1950 ला लंडनमध्ये बघितला आणि तिथंच ठरवलं की आपणही असाच पिक्चर करायचा, खऱ्या जागी, नट नसलेल्या माणसांना घेऊन. ह्यात बापाचं काम केलेला लाम्बेर्तो माज्जोरानी कारखान्यात काम करणारा साधा कामगार होता, त्याआधी कधी कॅमेऱ्यासमोर उभाही राहिला नव्हता. काकांना हे नक्की सांगा, त्यांना तो माणूस ओळखीचा वाटला असेल तर त्याचं कारण हेही असेल.

उलटा_आटा (शहापूर):

वाटसरू भाऊ, आधी एक सांगतो, त्या चिमट्याला हात लावू देऊ नका कुणाला. वेल्डिंग नाही ते. अजिबात नाही. गावातल्या सायकलवाल्यानं तो चिमटा आयुष्यात बघितला नसेल म्हणून बोलला, त्याचा दोष नाही. पण “जादा नळी” म्हणून कुणी ती कापायला गेला तर मग रडायची वेळ येईल.

आता सविस्तर. माझे वडील शहापुरात चाळीस वर्षं सायकल रिपेरीचं दुकान चालवत होते, मी शाळेतून आलो की तिथंच. जुन्या इंग्लिश सायकलीचा मेक कसा ओळखायचा हे त्यांनी मला शिकवलं, ते असं की रंग आणि स्टिकर ह्यावर विश्वास ठेवायचा नाही, रंग कुणीही मारतो. सीटवर ठेवायचा नाही, चांगली सीट ब्रुक्सची असायची आणि ब्रुक्स सगळ्याच कंपन्या बसवायच्या. घंटी लुकासची असली म्हणून सायकल लुकासची होत नाही. तसंच पेडल. फिलिप्स ही बर्मिंगहॅमकडची कंपनी, पूर्ण सायकली करायचीच पण पेडलं आणि सुटे पार्ट पण भरपूर करायची, आणि ते पार्ट आपल्या बाजारात सुटे मिळायचे. पेडल ही सायकलची चप्पल आहे, सगळ्यात आधी झिजते, सायकल पडली की आधी पेडल आपटतं, मग बदलतात. तुमचं पेडल मागनं कधीतरी बदललेलं असणार बघा, काकांना विचारा.

मग बघायचं काय? तर चिमट्याचं डोकं आणि क्रँकची (पेडल ज्या दांड्याला असतं तो क्रँक) चकती, म्हणजे पुढचं दातेरी चक्र ज्याच्यावर चेन बसते. ह्या दोन गोष्टी कंपनीनं स्वतःच्या केलेल्या असायच्या आणि त्यात ते आपली खूण कापून ठेवायचे. रॅलेच्या चकतीत बगळ्याच्या मुंड्या असतात, लांब चोच, तीन बगळे. बीएसएच्या चकतीत बी एस ए ही अक्षरंच लोखंडात कापलेली, आणि बिल्ल्यावर एकमेकांना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका, कारण मूळची ती बंदुकांचीच कंपनी. रज म्हणून एक मेक होता, त्याची खूण माणसाच्या हाताचा पंजा. हर्क्युलिसच्या काही चकत्यांवर अख्खं नावच गोलाकार.

आणि दोन-दोन नळ्यांचा चिमटा एका मेकची खास खूण, हंबर. इंग्रजीत त्याला डुप्लेक्स फोर्क म्हणतात. प्रत्येक बाजूला एका जाड नळीच्या जागी दोन बारीक नळ्या समांतर खाली येतात आणि खाली एक्सलला जाऊन मिळतात. वजनाला हलका, आणि खड्ड्यातून गेल्यावर हाताला हिसका कमी बसतो असं माझे वडील म्हणायचे. वडिलांच्या दुकानात वर्षाकाठी एखादीच हंबर यायची आणि आली की ते माझ्या हातात पाना द्यायचे नाहीत, स्वतः बसायचे.

पण नुसत्या चिमट्यावर जाऊ नका, कुणी दुसऱ्या सायकलचा चिमटा बसवलेला असू शकतो. चकती बघा. तुमचं चेनकव्हर बंद आहे म्हणजे घरात कुणी चकती बघितलीच नसणार आजपर्यंत. पुढचं गोल झाकण असतं ना क्रँकजवळ, ते सैल केलं की बोटभर फट पडते, त्या फटीतून बॅटरी मारून बघा. क्रँक काढायची घाई करू नका. हंबर असेल तर चकतीत पाच माणसं दिसतील. चेष्टा करत नाही, पाच पळणारी माणसं, गोल फेर धरल्यासारखी, त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा कापून काढलेल्या.

मग चाकाचे स्पोक मोजा. इंग्लिश सायकल असेल तर पुढं 32 आणि मागं 40, आपल्या हिंदुस्थानी कंपन्यांनी पण तीच पद्धत उचलली, आजच्या काळ्या रोडस्टरला पण तेच आहे. इटली-फ्रान्सकडं दोन्ही चाकांना 36-36 ची पद्धत. म्हणजे पिक्चरमधली इटालियन सायकल आणि तुमची सायकल ह्यांच्यातला फरक काळ्या-पांढऱ्या पडद्यावर पण मोजता येतो, थांबवून मोजायची तयारी पाहिजे फक्त. अजून एक फरक दिसत नाही पण हाताला लागतो, क्रँकचा जो कप चेनच्या बाजूला असतो त्याचा आटा इंग्लिश सायकलला उलटा असतो, इटालियनला दोन्हीकडं सुलटा. माझं इथलं नाव त्यावरनंच घेतलंय.

तुमचा तो बंदुकीचा घोडा म्हणजे गिअरचा खटका. मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्यात, तीन गिअर असणार, स्टर्मी-आर्चर कंपनीचे. बघा, मागच्या एक्सलच्या उजव्या टोकातून एक बारीक साखळी बाहेर आलेली असेल, नाहीतर ती तुटून नुसतं भोक राहिलं असेल. हबच्या मधल्या भागावर शंभर वर्षांचं वंगण आणि माती बसलेली असते, रॉकेलनं पुसा. खाली इंग्रजीत ए डब्ल्यू अशी अक्षरं आणि त्याच्या शेजारी आकडे सापडतील. त्यातले दोन आकडे म्हणजे हब बनल्याचं साल. हे मात्र हबचं साल, सायकलचं नाही, चाक बदललेलं असू शकतं. म्हणून फ्रेम नंबर पण शोधा, सीटखालच्या जोडावर नाहीतर क्रँकच्या नळकांड्याच्या पोटाला. रंग खरवडायला पत्रा वापरू नका, रंग उडवायचं लिक्विड मिळतं ते बोळ्यानं लावा.

वरच्या ताईंनी बाजाराचं लिहिलं ते वाचून अंगावर काटा आला. आमच्या दुकानात पण वडील कुणी फ्रेम विकायला आणली की आधी उलटी करून नंबर बघायचे आणि खरवडलेला दिसला की न बोलता परत द्यायचे.

चिकोडीचे_मास्तर:

सर्वांचं वाचलं. उलटा आटा ह्यांनी इतकं नीट लिहिलंय की मेकबद्दल मी काही भर घालत नाही, फक्त तुमच्या आजोबांच्या काळाबद्दल दोन शब्द, कारण मी पण शिक्षक होतो आणि माझी पण सगळी नोकरी सायकलवर झाली.

बेळगाव जिल्हा 1956 च्या नोव्हेंबरपर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे माल मुंबईहून यायचा. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना 1939 पासूनच होता, आणि स्वातंत्र्यानंतर मद्रासला हर्क्युलिस, आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला अॅटलस, लुधियानाला हिरो असे एकेक कारखाने निघाले, तेव्हा कुठं सायकल शिक्षकाच्या आवाक्यात आली. त्याआधी इंग्लिश सायकल म्हणजे डॉक्टर, वकील, मामलेदार, नाहीतर कॅम्पातले साहेब. शिक्षकाला सेकंडहँडच परवडायची आणि ती पण हप्त्यानं. तेव्हा आजोबांनी हंबर घेतली असेल तर तो त्यांच्या आयुष्यातला मोठा खर्च होता, हे घरात पोरांना सांगा.

आणखी एक, त्या काळी सायकलला दरवर्षी नगरपालिकेचा कर होता, कर भरला की बिल्ला मिळायचा, तो सायकलला अडकवायचा. बिल्ला नाही, रात्री दिवा नाही, डबलसीट दिसलात, तर पोलीस हवा सोडायचा. आजोबांच्या ट्रंकेत, पत्र्याच्या डब्यात, जुन्या किल्ल्यांबरोबर असे बिल्ले असतील, बघा. त्यावर साल असतं. हँडलखालचा कंपनीचा बिल्ला गेला तो गेला, पण हे सापडले तर सायकल तुमच्या घरात कधीपासून आहे ते कळेल.

आपल्या बेळगावचा आणि सायकलचा संबंध फार जुना, हे नव्या मुलांना माहिती नसतं म्हणून लिहितो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवत होते तेव्हा तिथून सायकली बेळगावला धाडायचे आणि इथं त्यांचे भाऊ रामूअण्णा त्या विकायचे, लोकांना चालवायला पण शिकवायचे. 1888 चं ते दुकान. नांगर, कडबा कापायचं यंत्र हे सगळं नंतर, आणि किर्लोस्करवाडी त्याच्याही नंतर, 1910 ला. आपण रोज किर्लोस्कर रोडवरनं जातो, त्या नावाच्या मुळाशी सायकलचं दुकान आहे.

खानापूरचा_वाटसरू:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रविवार, काका आणि मी दिवसभर सायकलपाशीच होतो. क्रमानं सांगतो.

आधी मी काकांना काही न सांगता पेडलबद्दल विचारलं. ते म्हणाले, होय की, पेडल बदललेलं आहे. ते सात-आठ वर्षांचे असताना अण्णांनी नंदगडच्या बाजाराला जाताना त्यांना पुढं नळीवर बसवलं होतं, उतारावर एक म्हैस आडवी आली, दोघं पडले, अण्णांचा गुडघा फुटला आणि उजवं पेडल वाकलं. अण्णांनी बेळगावहून नवी जोडी आणली. तेव्हापासून दर रविवारी सायकल पुसायचं काम काकांकडं आलं. अण्णा वरचं पुसायचे, काका खाली उकिडवे बसून खालचं, म्हणजे चाकं, स्पोक आणि पेडल. त्या वयात पेडल बरोबर डोळ्यांसमोर यायचं आणि काका नुकते इंग्रजी अक्षरं शिकत होते, पेडलवरची अक्षरं एकेक करून लावून त्यांनी पहिल्यांदा पूर्ण वाचलेला इंग्रजी शब्द तो, फिलिप्स. म्हणून सायकल फिलिप्स. पिक्चरमध्ये पोरगा पेडलकडं बोट दाखवतो तेव्हा काका पुढं का सरकले ते मला काल कळलं.

मग झाकण सैल केलं. स्क्रू गंजलेला, अर्धा तास तेल सोडून ठेवावं लागलं. फट पडली, मी बॅटरी धरली आणि काकांना म्हटलं पेडल हातानं हळू फिरवा. आधी काळं वंगण दिसलं नुसतं. काडीला फडकं गुंडाळून पुसलं आणि परत फिरवलं, आणि मग एक पाय दिसला. खरंच पाय, गुडघ्यात वाकलेला. मग हात, मग डोकं. काका पेडल फिरवत होते आणि एकेक माणूस फटीत येऊन पुढं जात होता, काका मोठ्यानं मोजत होते, पाचावर थांबले आणि परत पहिल्यापासून फिरवलं. सत्तर वर्षं हा माणूस त्या सायकलीच्या इतक्या जवळ आणि आत ही पाच माणसं पळतायत हे त्याला माहिती नव्हतं. बराच वेळ ते नुसते फिरवतच बसले.

स्पोक पुढं 32, मागं 40, दोनदा मोजले. हबवर ए डब्ल्यू आणि 51. एक्सलमधली साखळी तुटलेली आहे, आत अर्धा इंचाचा तुकडा अडकलाय. फ्रेम नंबर सीटखालच्या जोडावर सापडला, पण हिरव्या रंगाचे दोन थर आहेत आणि शेवटचा आकडा 3 की 8 ते समजत नाही. त्या हिरव्याच्या खाली काळा आहे, एकदम खोल काळा, आणि त्यात बारीक सोनेरी रेघ.

मास्तर, पत्र्याच्या डब्यात तीन बिल्ले सापडले, पितळेचे. एकावर बेळगाव वाचता येतं, सालातला 5 आणि 7 दिसतो. म्हणजे किमान 1957 पासून सायकल आमच्या घरात आहे. काकांनी ते तिन्ही बिल्ले खिशात घातले ते अजून दिले नाहीत.

आता पुढचा प्रश्न. काकांना ती चालू करायची आहे, शोभेची नको म्हणतात. उलटा आटा दादा, तुम्ही बघाल का? गिअरचं काही होईल का? आणि रंग, हिरवा काढायचा की तसाच ठेवायचा?

उलटा_आटा (शहापूर):

पाच माणसांचं वाचून मी दुकान बंद करून घरी आलो आणि आईला वाचून दाखवलं.

आता निर्धास्त सांगतो, हंबर. 1932 ला रॅलेवाल्यांनी हंबरचं सायकलचं नाव विकत घेतलं, त्यामुळे 51 च्या आसपासची हंबर म्हणजे नॉटिंगहॅमला रॅलेच्या कारखान्यात बनलेली, नाव आणि चिमटा मात्र हंबरचाच ठेवलेला. हब पण त्यांच्याच घरचं, त्यामुळे चाक मूळचंच असण्याची शक्यता जास्त. चिमटा, चकती, स्पोक, हब, चारही गोष्टी एकाच दिशेला जातात.

गिअर होतो. ए डब्ल्यू हब लवकर मरत नाही, बहुतेक वेळा आतलं तेल सुकून पावल (आतले पकडणारे बारके खटके) चिकटलेले असतात, एवढंच. हबला एक बारीक तेलाचं भोक असतं टोपीसकट, त्यातनं पातळ मशीन ऑइल सोडा, दोन चमचे, आणि चाक हातानं पुढं फिरवत राहा, असं चारपाच दिवस रोज करा. ग्रीस अजिबात नको. अडकलेला साखळीचा तुकडा ओढू नका, मी काढतो. ती साखळी आणि केबल मिळते, पुण्या-मुंबईकडं जुन्या सायकलवाल्यांकडं, मी मागवतो. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे ह्यांचं जुन्या सायकलींचं म्युझियम आहे, कधी गेलात तर काकांना घेऊन जा.

रंगाचं माझं मत स्पष्ट आहे, हिरवा काढायचा पण काळ्याला हात लावायचा नाही. दोन्ही एकदम निघू नयेत म्हणून ते काम हळू करावं लागतं, एका दिवशी वीतभर. सोनेरी रेघ राहिली पाहिजे. काळा खरचटलेला असेल तर खरचटलेला राहू दे, नवा रंग मारायचा नाही.

नंबरावर पांढरा खडू घासा आणि वरनं फडक्यानं पुसा, खडू खाचेत राहतो, 3 की 8 लगेच कळेल. आणि तो नंबर लिहून ठेवा, काकांच्या हातानं, घरातल्या वहीत.

पुढच्या रविवारी घेऊन या शहापूरला, टेम्पोत आडवी टाकू नका, उभी बांधा आणि चिमट्याला गोणपाट गुंडाळा. कॉटर पिन, म्हणजे क्रँक धरून ठेवणारी खीळ, घट्ट झालेली असणार, वाटेत कुणाला हातोडा मारू देऊ नका, क्रँक वाकतो. फिलिप्सची पेडलं मी बदलणार नाही. आतल्या बेअरिंगच्या गोळ्या धुऊन, ग्रीस भरून तीच परत बसवू.